‘सुप्त’ कोण आणि ‘जागृत’ कोण? : सेप्सिसमधील विषाणूंविषयीच्या मराठी संज्ञांची चिकित्सा

शास्त्रातील संज्ञा ही वस्तूवर चिकटविलेली नुसती चिठ्ठी नसते. त्या वस्तूविषयीचे एक मत तीत संक्षेपाने सामावलेले असते, आणि संज्ञा स्वीकारणारा ते मतही नकळत स्वीकारीत असतो. वैद्यकाच्या क्षेत्रात या गोष्टीला विशेष महत्त्व येते. तेथे संज्ञा ऐकणारा पुष्कळदा विद्यार्थी नसतो. तो अत्यवस्थ रुग्णाचा भाऊ, मुलगा किंवा पत्नी असते, आणि ऐकलेल्या दोनचार शब्दांच्या आधारावर त्यांना उपचाराविषयी होकार वा नकार द्यावयाचा असतो. अशा ठिकाणी शब्द चुकला तर केवळ अर्थहानी होऊन भागत नाही. विश्वास ढळतो, पैसा व्यर्थ जातो, आणि क्वचित नको असलेले औषध रुग्णाच्या शरीरात जाते.

प्रस्तुत लेखात अशाच एका संज्ञासमूहाचा विचार करावयाचा आहे. सेप्सिसने अत्यवस्थ झालेल्या रुग्णांच्या शरीरात पूर्वीपासून वास करून असलेले विषाणू पुन्हा वाढू लागतात, ही घटना गेल्या दोन दशकांत वैद्यकाच्या चर्चेचा विषय झाली आहे. मराठीत ती ‘सुप्त विषाणूंचे पुनर्सक्रियण’ या शब्दांनी सांगितली जाते. वृत्तपत्री मराठीत ‘सुप्त विषाणू जागृत होतात’ किंवा ‘डोके वर काढतात’ असे म्हटले जाते. आणि रुग्णालयाच्या ओसरीवर तिचे रूप ‘नवीन इन्फेक्शन झाले’ एवढेच उरते. या तिन्ही प्रयोगांची तपासणी करणे आणि मराठीच्या स्वतःच्या शब्दसंपत्तीत याहून नेमके काही आहे काय ते पाहणे, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम मूळ घटना थोडक्यात समजून घेतली पाहिजे. मनुष्याच्या शरीरात काही विषाणू एकदा शिरले की जन्मभर राहतात. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गुच्छिकांत राहतो. ओठांवर फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स हाही तसाच मज्जातंतूंच्या आश्रयाने राहतो. सायटोमेगॅलोव्हायरस आणि एप्स्टाइन-बार हे रक्तपेशींच्या काही प्रकारांत ठाण मांडून असतात. भारतातील बहुसंख्य प्रौढांना यांपैकी सायटोमेगॅलोव्हायरसचा संसर्ग पुष्कळदा बालपणीच होऊन गेलेला असतो. या काळात विषाणू फारशी नवी प्रजा निर्माण करीत नाही आणि शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा त्याच्यावर अखंड पहारा असतो.

सेप्सिस ही याहून वेगळी घटना होय. २०१६ साली मान्य झालेल्या व्याख्येनुसार, जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद अनियंत्रित होऊन अवयवांचे कार्य प्राणघातक प्रमाणात बिघडणे, म्हणजे सेप्सिस. या अवस्थेत एकीकडे दाहाचा भडका उडालेला असतो, तर दुसरीकडे, पुष्कळदा त्याच वेळी किंवा काही दिवसांनी, प्रतिकारयंत्रणा थकून शिथिल झालेली असते. अशा रुग्णांच्या रक्तात जुने विषाणू पुन्हा आढळू लागतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ५६० सेप्सिसग्रस्त रुग्ण तपासले गेले. त्यांच्या रक्तद्रवात एप्स्टाइन-बार ५३.२ टक्के, सायटोमेगॅलोव्हायरस २४.२ टक्के आणि हर्पिस सिम्प्लेक्स १४.१ टक्के रुग्णांत सापडला, ४२.७ टक्के रुग्णांत दोन किंवा अधिक विषाणू एकत्र सापडले. त्यापूर्वी २००८ साली, अतिदक्षता विभागातील परंतु पूर्वी प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या १२० रुग्णांच्या अभ्यासात ३३ टक्क्यांच्या रक्तात सायटोमेगॅलोव्हायरस दिसला होता, आणि ज्यांच्या रक्तात तो दिसला त्यांचा रुग्णालयातील मुक्काम लांबण्याचा किंवा मृत्यू ओढवण्याचा संभव अधिक आढळला होता.

आता शब्दांकडे वळू. ‘विषाणू’ हा शब्द आज इतका रुळला आहे की त्याची घडण कोणी पाहत नाही. लॅटिन भाषेत ‘व्हायरस’ म्हणजे विष, आणि तो शब्द संस्कृत ‘विष’ शब्दाचा सगोत्र आहे. म्हणजे मराठी संज्ञाकाराने नकळत एका कुळातील दोन भावंडांची गाठ घालून दिली. परंतु त्याबरोबर एक अडचणही आली. ‘विष’ म्हटले की ते बाहेरून येते, कोणीतरी देते, आणि शरीरात गेले की अपाय करतेच, असा मराठी माणसाचा समज असतो. आपल्याच शरीरात चाळीस वर्षे निरुपद्रवीपणे वास करणारे विष ही कल्पना शब्दातूनच अशक्य ठरते. संज्ञा बदलणे आता शक्य नाही आणि इष्टही नाही. मात्र स्पष्टीकरण देणाराने या सूचित अर्थाची जाणीव ठेवली पाहिजे.

‘सेप्सिस’विषयी घोटाळा वेगळ्या प्रकारचा आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कुजणे, सडणे असा आहे, आणि संस्कृत ‘पूति’ शब्दापासून बनविलेली ‘पूतिता’ ही पारिभाषिक संज्ञा तोच अर्थ पुढे चालविते. बोली मराठीत ‘सेप्टिक’ हा शब्द कधीच येऊन बसला आहे: जखम सेप्टिक झाली, म्हणजे तिच्यात पू झाला. त्यामुळे ‘सेप्सिस झाला’ असे ऐकणारा मनुष्य पू कोठे आहे ते शोधू लागतो, आणि पू दिसत नाही तेव्हा डॉक्टर काही लपवीत आहेत असे त्यास वाटते. २०१६ च्या व्याख्येने रोगाचे केंद्र जंतूवरून शरीराच्या प्रतिसादावर आणले. आपली भाषा मात्र अजून पुवापाशीच थांबली आहे.

परंतु या लेखाचा मुख्य रोख ‘सुप्त’ या विशेषणावर आहे. इंग्रजी संज्ञेच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थ ‘लपून असणे’ असा आहे, ‘निजणे’ असा नव्हे. मराठीने लपण्याच्या जागी झोप आणली, आणि झोप आणली की जाग ही ओघानेच आली. ‘सुप्त विषाणू जागृत झाला’ या वाक्यात कर्ता विषाणू आहे. क्रियापद अकर्मक आहे. निजलेला जीव जसा आपोआप जागा होतो तसा तो जागा झाला, असा अर्थ निघतो. शास्त्राचे म्हणणे याहून गुंतागुंतीचे आहे. विषाणू दबलेला असतो तो प्रामुख्याने पहाऱ्यामुळे. सेप्सिसमध्ये हा पहारा ढिला पडतो. तेव्हा झोप लागली असेल तर ती पहारेकऱ्यास लागली, असे म्हणणे सत्याला अधिक धरून होईल. तथापि चित्राची दुसरी बाजूही आहे. दाहाच्या भडक्यात शरीरात जी रासायनिक द्रव्ये सुटतात, त्यांतील काही सायटोमेगॅलोव्हायरसच्या जनुकांना प्रत्यक्ष चेतविणारी आहेत. म्हणजे विषाणू जागा झाला यापेक्षा तो जागविला गेला, असे म्हणावयास पाहिजे. मराठीत जागणे आणि जागविणे, उठणे आणि उठविणे हा साध्या व प्रयोजक क्रियापदांतील भेद इतका सहज आहे की तो न वापरणे हा आळस ठरतो. विषाणू सर्वस्वी कर्ता नाही, ही गोष्ट नुसत्या क्रियापदाच्या रूपाने सांगता येते.

येथे मराठीतील रोगवाचक वाक्यांच्या रचनेकडे थोडे लक्ष देणे उपयुक्त होईल. मराठीत रोगी बहुधा कर्ता नसतो. ‘त्याला ताप आला’, ‘तिला नागीण झाली’ या वाक्यांत रोग प्रथमेत असतो आणि रोगी चतुर्थीत. रोग कसा प्राप्त झाला याचा निवाडा क्रियापद करते. ताप येतो, सर्दी होते, खरूज लागते, हवा बाधते, क्षय जडतो, गोवर निघतो, फोड उठतात, दुखणे उलटते. ही क्रियापदे परस्परांच्या जागी घालून चालत नाहीत. ‘लागणे’ आणि ‘बाधणे’ यांत कारण बाहेर असते. ‘निघणे’ आणि ‘उठणे’ यांत ते आत असते आणि बाहेर दिसू लागते. ‘उलटणे’ यात गेलेले दुखणे परत येते. सूक्ष्मदर्शक यंत्राच्या कित्येक शतके आधी बोलणाऱ्या समाजाने रोगांची केलेली ही वर्गवारी आहे. ती सर्वत्र बरोबर नाही: गोवर बाहेरूनच लागतो. परंतु आतून येणे आणि बाहेरून येणे हा भेद व्यक्त करण्याची सोय भाषेत आहे, ही गोष्ट निर्विवाद आहे.

साक्रीसारख्या तालुक्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. कान नदीच्या काठचे हे गाव धुळे जिल्ह्याच्या पश्चिम भागात, सुरतेहून धुळ्यास येणाऱ्या हमरस्त्यावर आहे. तालुक्यात अहिराणी बोलली जाते. पश्चिमेकडील डोंगराळ भागात कोकणा, भिल्ल आणि मावची समाजांच्या बोली आहेत. शाळा व कचेरी यांची भाषा प्रमाण मराठी आहे. ग्रिअर्सनने १९०७ साली भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात खानदेशीचा विचार भिल्ली भाषांच्या सोबतीने केला होता. त्या वर्गीकरणाविषयी पुढे वाद झाले, तरी या प्रदेशात बोलींची सरमिसळ किती आहे हे त्यावरून कळते. गंभीर रुग्णास येथून सुमारे ५० किलोमीटरवरील धुळ्यास न्यावे लागते. या प्रवासात भाषाही बदलत जाते. घरी ‘त्याले काय व्हयनं?’ असा प्रश्न असतो. तालुक्याच्या दवाखान्यात ‘इन्फेक्शन पसरले’ असे उत्तर मिळते. अतिदक्षता विभागात ‘व्हायरल रीॲक्टिव्हेशन’ हा शब्द कानी पडतो. ‘व्हयनं’ या रूपात दोष कोणाचा याचा निवाडा नाही. जे घडले ते घडले, एवढेच त्यात आहे. तिसऱ्या शब्दात तो निवाडा आहे, परंतु ऐकणाऱ्यास तो कळत नाही.

आता समजा, कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या रुग्णाच्या रक्तात दहाव्या दिवशी सायटोमेगॅलोव्हायरस सापडला आणि नातेवाइकांस ‘नवीन इन्फेक्शन झाले आहे’ असे सांगितले गेले. ‘नवीन’ या विशेषणाने काळ सांगितला आणि ‘होणे’ या क्रियापदाने उगम सांगण्याचे टाळले. ऐकणारा ती रिकामी जागा आपल्या तर्काने भरतो: रुग्ण आला तेव्हा हे नव्हते, आता आहे, तेव्हा ते येथेच लागले. रुग्णालयावरील विश्वास येथे ढासळतो. याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. रुग्णालयात लागणारे संसर्ग हेही वास्तव आहे, आणि ‘आतूनच उठले’ असे सांगून खरोखर बाहेरून लागलेल्या जंतूवर पांघरूण घालणे हा गंभीर दोष होईल. म्हणूनच ‘लागले’ आणि ‘उठले’ यांची निवड सोयीने करावयाची नाही. तपासणीने जे दिसले त्याप्रमाणे ती केली पाहिजे. नेमका शब्द येथे रुग्ण आणि वैद्य दोघांचेही रक्षण करतो.

याहून अवघड प्रश्न खूण आणि कारण यांच्या भेदाचा आहे. विषाणू सापडलेले रुग्ण अधिक दगावतात, यावरून विषाणूने त्यांना मारले असे सिद्ध होत नाही. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली गेले की तळाचा खडक दिसू लागतो. खडक दिसला म्हणून पाणी आटले असे खानदेशातील कोणताही शेतकरी म्हणणार नाही. पाणी आटले म्हणून खडक दिसला, हे तो जाणतो. टॉर्क टेनो नावाचा एक विषाणू १९९७ साली जपानमध्ये प्रथम सापडला. त्याने कोणता रोग होतो असे अद्याप दाखविता आलेले नाही. तरी वर उल्लेखिलेल्या २०१४ च्या अभ्यासात तो ७७.५ टक्के सेप्सिसग्रस्तांत आढळला. त्याचे वाढणे ही प्रतिकारशक्तीच्या ओहोटीची खूण मानली जाते. येथे तो विहिरीतील खडकासारखाच आहे.

सायटोमेगॅलोव्हायरस व हर्पिस यांच्याबाबत मात्र इतक्या सरळपणे निकाल देता येत नाही, कारण हे विषाणू फुप्फुसाला व इतर अवयवांना स्वतंत्रपणे इजा करू शकतात. खूण की कारण हे ठरविण्याचा मार्ग म्हणजे विषाणू दाबून पाहणे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सेप्सिस किंवा आघात यांमुळे अत्यवस्थ झालेल्या १६० रुग्णांपैकी काहींना गॅन्सिक्लोव्हिर हे औषध आगाऊ देण्यात आले. औषध मिळालेल्या गटात विषाणू पुन्हा वाढण्याचे प्रमाण १२ टक्के राहिले, तर दुसऱ्या गटात ते ३९ टक्के होते. परंतु चाचणीचे मुख्य मोजमाप असलेल्या दाहदर्शक द्रव्याच्या पातळीत फरक पडला नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत, श्वसनयंत्रावर असलेल्या आणि घशात हर्पिस आढळलेल्या २३८ रुग्णांवर असायक्लोव्हिरचा प्रयोग झाला. श्वसनयंत्राविना काढलेल्या दिवसांत भेद दिसला नाही. साठ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण औषधाच्या गटात २२ टक्के आणि दुसऱ्या गटात ३३ टक्के होते. हा फरक लक्षणीय वाटला तरी संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. म्हणजे विषाणू दाबता येतो एवढे सिद्ध झाले. त्याने रुग्ण वाचतो हे झाले नाही. शिवाय गॅन्सिक्लोव्हिर अस्थिमज्जेवर आणि असायक्लोव्हिर मूत्रपिंडावर भार टाकू शकते. अशा स्थितीत ‘विषाणू जागृत होऊन त्याने हल्ला केला’ असे वाक्य ऐकलेले कुटुंब, जमीन गहाण टाकूनही, विषाणू मारणाऱ्या औषधाचा आग्रह धरील यात नवल नाही. शास्त्रज्ञ ज्या प्रश्नाचा निर्णय अद्याप करीत आहेत, त्याचा निर्णय वाक्यातील कर्त्याने आधीच करून टाकलेला असतो.

‘पुनर्सक्रियण’ या संज्ञेत हा दोष नाही, कारण तीत कर्ताच नाही. तिचा दोष निराळा आहे: ती बोलता येत नाही. ग्रंथात ती राहावी, परंतु ओसरीवर तिचा उपयोग नाही. ‘डोके वर काढणे’ हा प्रयोग बोलता येतो, पण रोगराईपासून बंडखोरीपर्यंत सर्वत्र वापरून तो बोथट झाला आहे आणि त्यात विषाणूला हेतू चिकटतो. यांपेक्षा मराठीत ‘उचल खाणे’ हा जुना वाक्प्रचार अधिक उपयोगी आहे. ‘जुन्या दमेकऱ्याच्या दुखण्याने पावसाळ्यात उचल खाल्ली’ असे आपण म्हणतो. दुखणे आधीपासून होते, ते दबलेले होते आणि अनुकूल परिस्थिती मिळताच वाढले, या तिन्ही गोष्टी त्यात आहेत. त्याचप्रमाणे ‘सुप्त’ऐवजी बोलताना ‘दडलेला’ म्हणावे. पाऊस दडी मारतो हे ज्यांना चांगले ठाऊक आहे, त्यांना दडलेला म्हणजे नाहीसा झालेला नव्हे हे वेगळे सांगावे लागणार नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. बोलीतील शब्दांना पूर्वग्रह चिकटलेले असतात. शास्त्राने त्यांपासून दूर राहावे, असे कोणी म्हणेल. ‘नागीण’ हे याचे उत्तम उदाहरण होय. कांजिण्यांच्या दडलेल्या विषाणूने उचल खाल्ली की कमरेभोवती वा छातीभोवती फोडांचा पट्टा उठतो. या पट्ट्याची दोन टोके जुळली की रोगी दगावतो, अशी समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आहे आणि ती निराधार आहे. तथापि ती समजूत शब्दाच्या रूपकातून निघालेली आहे, क्रियापदातून नव्हे. नागीण ‘उठते’ असे म्हणणाऱ्या समाजाने रोगाच्या उगमाची दिशा बरोबर ओळखली होती. ओठावरील फोडांना ‘अंगातली उष्णता बाहेर पडली’ असे म्हणणारे लोकही कारणाविषयी चुकले, पण दिशेविषयी चुकले नाहीत.

या दिशेचे महत्त्व शास्त्राने फार उशिरा मानले. कांजिण्या आणि नागीण यांचा संबंध जुनाच माहीत होता. परंतु नागीण ही शरीरातच राहिलेल्या विषाणूची उचल आहे, हा सिद्धांत १९६५ साली एडगर होप-सिम्प्सन या वैद्याने सुसंगतपणे मांडला. इंग्लंडमधील सायरनसेस्टर या लहानशा बाजारगावी तो सामान्य वैद्यकव्यवसाय करीत होता. आपल्याच रुग्णांतील नागिणीच्या १६ वर्षांच्या नोंदींवरून त्याने हा निष्कर्ष काढला. मोठ्या प्रयोगशाळेतून हा विचार आला नाही; एका गावातील माणसांची दुखणी वर्षानुवर्षे ऐकून नोंदविल्यामुळे तो आला. साक्री, पिंपळनेर यांसारख्या ठिकाणी काम करणाऱ्या वैद्यांच्या कानांवर रोज पडणारी भाषा ही याच प्रकारची सामग्री आहे. तिच्यातील क्रियापदांची नोंद होणे हे वैद्यकाचे तसेच भाषाशास्त्राचेही काम आहे.

या चिकित्सेतून निघणारी सूचना मर्यादित आहे. परिभाषाकोशांतील नामे बदलण्याची आवश्यकता नाही. क्रियापदांविषयी मात्र एक शिस्त पाळली जावी. चाचणीत विषाणूचे अंश मिळाले एवढेच ज्ञात असेल तेथे ‘आढळला’ म्हणावे. तो वाढत आहे असे पुन्हापुन्हा केलेल्या मोजणीने दिसले तर ‘उचल खाल्ली’ म्हणावे. त्याने फुप्फुस, आतडे वा अन्य अवयव प्रत्यक्ष बिघडविला असे निदान झाले तरच ‘रोग केला’ म्हणावे. आणि जंतू बाहेरून आला असेल तेथे निःसंकोचपणे ‘लागला’ म्हणावे. ही चार क्रियापदे साक्रीच्या बाजारातील माणसास समजतात आणि धुळ्याच्या अतिदक्षता विभागातील वैद्यासही पुरतात. त्यांची गल्लत न करणे एवढे पथ्य पाळले, तर जे अजून ठरलेले नाही ते ठरलेले नाही असे मराठीत सांगता येईल, आणि होकार देणाऱ्यास आपण कशास होकार देत आहोत हे कळेल.